गेमवरून काढलेले सिनेमे: सगळे फिरून फिरून विचारतात ते प्रश्न

आमच्या भावकीत गेम खेळणारा म्हणून मी एकटाच बदनाम आहे, त्यामुळे असला कुठला सिनेमा आला की सगळे मलाच विचारतात, "अरे हा त्या गेमवरचा ना, बघू का?" प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. क्रम वगैरे काही नाही, जसे आठवले तसे.

गेमवरचा पहिला सिनेमा कुठला?

बहुतेक जण १९९३ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' सांगतात, आणि हॉलिवूडपुरतं ते बरोबर आहे. जपानमध्ये मात्र १९८६ लाच मारिओ आणि लुइजी राजकन्येला सोडवायला जातात असा ॲनिमेशनपट येऊन गेला होता.

९३ च्या सिनेमाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपण टीव्हीला जोडायच्या त्या चायनीज डब्यावर कॅसेटला फुंकर मारून जो मारिओ खेळायचो, म्हणजे मशरूम, हिरवे पाईप, शेवटी झेंड्याच्या खांबावर उडी (आणि मागून आई, पिक्चर ट्यूब जाईल टीव्हीची), त्यातलं ह्यांनी काय घेतलं तर नावं. न्यूयॉर्कच्या खाली डायनासोरांची उत्क्रांती होऊन माणसं झालेल्यांचं एक अंधारं, चिकट शहर दाखवलं आणि बॉब हॉस्किन्ससारखा चांगला नट त्यात प्लंबर म्हणून सोडला. त्याने पुढे मुलाखतीत सांगितलं की आयुष्यात केलेलं सगळ्यात वाईट काम हेच. सिनेमा आपटला. मारिओ बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीचं तोंड एवढं पोळलं की मारिओला त्यांनी पुढची तीस वर्षं हॉलिवूडच्या दारात उभं केलं नाही, डायरेक्ट २०२३.

पण मग हे सिनेमे इतकी वर्षं इतके टुकार का निघायचे?

ह्याचं उत्तर लांब आहे, चहा घेऊन या.

लोक म्हणतात गेमला स्टोरी नसते म्हणून. मला हे पटत नाही. स्टोरी नसलेले कितीतरी सिनेमे आपण शिट्ट्या मारत बघितलेत. माझं म्हणणं असं की सिनेमावाले गेममधून चुकीची वस्तू उचलतात. ते ड्रेस उचलतात, नावं उचलतात, व्हिलनची दाढी उचलतात, आणि आपला हात काय करत होता ते तिथेच ठेवून येतात. मारिओमध्ये एका खड्ड्यात मी चाळीस वेळा मेलोय, एक्केचाळिसाव्या वेळी पलीकडे गेलो तेव्हा शेजारचा पोरगापण ओरडला होता. तोच खड्डा सिनेमातला हिरो एका उडीत पार करतो आणि आपण खुर्चीत बसून पॉपकॉर्न खातोय. उडी तीच, पण ती आपण मारलेली नाही. मग तिच्या जागी दुसरं काहीतरी ठेवावं लागतं, आणि काय ठेवायचं हा विचार नव्वदच्या दशकात कुणी केलाच नाही, कारण सिनेमा काढणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना गेम म्हणजे पोराटोरांचं खेळणं वाटायचं. नावावर तिकीट खपेल एवढंच गणित.

दुसरी भानगड पात्रांची. बऱ्याच गेमचा हिरो मुद्दाम कोरा ठेवलेला असतो, 'डूम' ह्या गोळीबाराच्या गेममधला सैनिक घ्या, त्याला नाव नाही, भूतकाळ नाही, कारण तो तुम्ही आहात. सिनेमात त्याला चेहरा द्यावा लागतो, बायको द्यावी लागते, लहानपणीचं दुःख द्यावं लागतं, आणि ते दिलं की गेम खेळणारा म्हणतो हा मी नाहीच. २००५ च्या 'डूम'मध्ये शेवटाकडे काही मिनिटं कॅमेरा सैनिकाच्या डोळ्यातून फिरतो, बंदूक पुढे, राक्षस समोर, अगदी गेमसारखं. ऐकायला भारी. बघताना कसं वाटतं माहितीये का, मोठा भाऊ खेळतोय आणि आपला चान्स येतच नाहीये.

सगळेच वाईट होते का तेव्हा?

नाही नाही. १९९५ चा 'मॉर्टल कॉम्बॅट' घ्या. दिग्दर्शक पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन. गेम काय, एकासमोर एक उभे राहून मारामारी. ह्या माणसाने फार डोकं लावलं नाही, बेटावर स्पर्धा, एकामागून एक फाइट, वर ते धडधडणारं म्युझिक. अभिनयाबद्दल आपण बोलायला नको. पण गेम पार्लरमध्ये लोक ज्यासाठी नाणी घालत होते तेच पडद्यावर दिलं आणि १२ कोटी डॉलरच्या वर गल्ला झाला.

त्याच्याच काही महिने आधी, डिसेंबर १९९४ मध्ये 'स्ट्रीट फायटर' आला होता, ॲक्शन हिरो व्हॅन डॅमवाला. कथा गर्दीत हरवलेली, पण व्हिलन झालेला राउल हुलिया बघाच. तो तेव्हा खूप आजारी होता, सिनेमा लागायच्या आधीच ऑक्टोबरमध्ये गेला, आणि तरी प्रत्येक सीन असा खाल्लाय की बाकीचे सगळे फर्निचर वाटतात. मुलांना गेम आवडायचा म्हणून त्याने हा रोल घेतला असं सांगतात. जाता जाता एक: ह्या सिनेमावरून परत गेम काढला, नटांचे फोटो वापरून. गेमवरून सिनेमा, सिनेमावरून गेम, एकाच उसाचा तीनदा रस.

उवे बोल कोण? मीममध्ये नाव येतं सारखं.

जर्मन दिग्दर्शक. २००३ ला 'हाउस ऑफ द डेड', मग 'अलोन इन द डार्क', 'ब्लडरेन', एकामागून एक गेमचे हक्क घेऊन एकाहून एक रद्दी सिनेमे. लोकांना प्रश्न पडायचा की ह्याला पैसे देतं कोण, तर जर्मनीत तेव्हा सिनेमाच्या फंडात पैसे टाकले की गुंतवणूकदाराला टॅक्समध्ये मोठी सूट मिळायची, मग सिनेमा पडला तरी फार बिघडत नव्हतं. पुढे तिथला कायदा बदलला आणि ती वाट बंद झाली. २००६ मध्ये ह्याने शिव्या घालणाऱ्या समीक्षकांना बॉक्सिंगच्या रिंगमध्ये बोलावलं आणि खरोखर धुतलं, कारण गडी आधी बॉक्सिंग खेळलेला. सिनेमे नका बघू.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' तर आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होता, त्याचा सिनेमा का नाही जमला?

अरे तो गेम म्हणजे आमच्या पिढीचा विकपॉइंट. १९८९ चा. जॉर्डन मेक्नर नावाच्या माणसाने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं शूटिंग केलं आणि एकेक फ्रेम बघून प्रिन्स काढला, म्हणून तो प्रिन्स कठड्याला लोंबकळला की आपल्यालाच हाताला कळ लागायची. खाली खिळे, वर एक तासाचं घड्याळ, आणि लॅबचे सर कधीही येतील ती भीती वेगळी.

२०१० चा सिनेमा २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम' गेमवरून आहे, सुरुवातीची पटकथा मेक्नरनेच लिहिली होती. जगभरात ३३ कोटी डॉलरच्या पुढे कमावले, पण खर्चच एवढा की डिस्नेला पुढचा भाग काढावासा वाटला नाही. शिवाय पर्शियाच्या राजपुत्राचं काम जेक जिलनहॉलला दिलं म्हणूनही बरीच टीका झाली. मला विचाराल तर वाळूने वेळ मागे नेणारा खंजीर ही गेममधली सगळ्यात मस्त गोष्ट, कारण चुकलं की बटण दाबायचं आणि चूक पुसायची. सिनेमात तो खंजीर नुसती पळवापळवी करायची वस्तू होऊन बसतो.

'फायनल फँटसी'मुळे कंपनी बुडाली म्हणतात, खरं का?

बुडाली नाही, पण लंगडत होती. २००१, 'द स्पिरिट्स विदिन', सगळी माणसं कॉम्प्युटरवर बनवलेली आणि खऱ्यासारखी दिसणारी, हिरोइनच्या डोक्यावरचे साधारण ६०,००० केस वेगवेगळे हलवलेले. खर्च १३ कोटी डॉलरच्या पुढे, कमाई साडेआठ कोटी. त्यासाठी हवाईत काढलेला स्टुडिओ बंद करावा लागला, आणि कंपनीचं, म्हणजे स्क्वेअरचं, एनिक्स ह्या दुसऱ्या गेम कंपनीशी ठरत आलेलं विलीनीकरण ह्या नुकसानीमुळे अडलं, ते शेवटी २००३ ला झालं. आणि एवढं करून सिनेमात गेमसारखं काही नव्हतंच. केस चांगले होते.

सिनेमा जाहीर होतो आणि दहा-दहा वर्षं येत नाही, हे काय लफडं?

आपल्याकडे जमीन घेताना इसार देतात ना, तसं. स्टुडिओ थोडे पैसे देऊन ठराविक मुदतीपुरते हक्क अडवून ठेवतो, मग लेखक येतो, दिग्दर्शक येतो, बजेटवरून भांडण, दिग्दर्शक जातो, मुदत संपते, परत पहिल्यापासून.

सगळ्यात भारी किस्सा मायक्रोसॉफ्टच्या 'हेलो' गेमचा. मायक्रोसॉफ्टने ॲलेक्स गार्लंडकडून पटकथा लिहून घेतली आणि गेमचा हिरो मास्टर चीफ, त्याचं चिलखत घातलेली माणसं ती घेऊन स्टुडिओंच्या दारात पाठवली, म्हणे अटी मान्य तर घ्या. पीटर जॅक्सन निर्माता, नील ब्लोमकॅम्प दिग्दर्शक, सगळं ठरलं आणि २००६ मध्ये पैशावरून फिसकटलं. ब्लोमकॅम्पने मग 'डिस्ट्रिक्ट ९' काढला, तो गाजला. गेमवरचा सिनेमा त्याच्या नशिबात यायला २०२३ चा 'ग्रान टुरिझ्मो' उजाडला. आणि हेलोची २०२२ मध्ये मालिका आली, तिच्यात मास्टर चीफने पहिल्याच भागात हेल्मेट काढलं, जे त्याने गेममध्ये खेळणाऱ्याला कधी धड दाखवलं नव्हतं. फॅन लोक पेटले. दोन सीझनात गुंडाळली.

'अनचार्टेड'चंही तसंच. २०१० च्या आसपास मार्क वॉलबर्ग हिरो नेथन ड्रेक होणार होता. सिनेमा लागला २०२२ ला, तोपर्यंत वय झालं, मग त्याला हिरोच्या म्हाताऱ्या गुरूचा रोल दिला आणि ड्रेक झाला टॉम हॉलंड. घोडीवर बसायला निघालेला माणूस वरबाप होऊन मांडवात आला.

सोनिकच्या दातांचं काय प्रकरण होतं?

एप्रिल २०१९ अखेर ट्रेलर आला. गेममधला तोच निळा सोनिक, पण बारीक डोळे आणि तोंडात माणसासारखी दाताची कवळी. आमच्या पुतण्याने बघितलं आणि म्हणाला काका हा आजारी आहे का. दोन-तीन दिवसांत दिग्दर्शक जेफ फाउलरने जाहीर सांगितलं की बदलतो, आणि रिलीज नोव्हेंबरवरून फेब्रुवारी २०२० वर ढकलला. सोनिकची कॉमिक्स काढणाऱ्या टायसन हेसला नव्या डिझाइनसाठी बोलावलं, मोठे डोळे, पांढरे हातमोजे आले, सिनेमा ३१ कोटी डॉलरच्या वर गेला आणि आता तीन भाग झालेत.

ह्यातली अर्धीच गोष्ट सगळे सांगतात. नवा सोनिक ज्यांनी बसून घडवला त्या एमपीसी ह्या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीचा व्हँकुव्हरचा स्टुडिओ डिसेंबर २०१९ मध्ये, सिनेमा लागायच्या आधीच बंद झाला. पब्लिकने ऐकवलं, स्टुडिओने ऐकलं, टाळ्या पडल्या, आणि काम केलेली पोरं ख्रिसमसच्या तोंडावर नोकरी शोधत होती.

मग अचानक सगळे चांगले कसे व्हायला लागले?

सगळे नाही झाले, त्यावर खाली येतो. पण फरक पडला हे खरं, आणि मोठं कारण म्हणजे गेम बनवणारी माणसं स्वतः टेबलावर येऊन बसली. २०२३ च्या मारिओत मारिओचा जन्मदाता शिगेरू मियामोतो स्वतः सहनिर्माता. कथा परत दोन ओळींचीच, पण पाईपातून घुसणं, ठोकळ्यावर डोकं आपटणं, गो-कार्टची रेस, सगळं बघताना बोटं आपोआप हलतात. १३६ कोटी डॉलर.

आणि दुसरं कारण, नव्वदीत कॅसेटला फुंकर मारणारी पोरं आता दिग्दर्शक झाली, लेखक झाली, आणि तिकीट काढणारे बापपण झाले.

पण माझ्या मते खरी उडी मालिकांनी मारली. 'द लास्ट ऑफ अस' (एचबीओ, २०२३) क्रेग मेझिनने गेमच्या लेखकाला, नील ड्रकमनला, सोबत घेऊन केली. आता थोडा स्पॉयलर, ज्यांना नको त्यांनी पुढचा प्रश्न गाठा. गेममध्ये बिल नावाचा एक खडूस माणूस भेटतो, त्याचा जोडीदार फ्रँक आपल्याला दिसतो तो मेलेलाच, आणि एक कडवट चिठ्ठी मिळते, बस. कारण गेमच्या त्या भागात आपण हिरो जोएल आहोत, जोएल जिथे नाही तिथे आपण जाऊच शकत नाही. मालिकेने काय केलं, तिसरा अख्खा भाग बिल आणि फ्रँकच्या संसाराला दिला, एकत्र म्हातारे होईपर्यंत, आणि शेवट पार बदलला. गोळीबार जवळजवळ नाही. मी आणि बायको दोघं नाक पुसत बसलो होतो. कंट्रोलर हातात असताना जे दिसूच शकत नाही ते दाखवायचं, हे त्यांना सुचलं.

आणि उलटपण आहे बघा. शेवटचा हॉस्पिटलचा प्रसंग मालिकेत चांगलाच घेतलाय, पण गेममध्ये त्या डॉक्टरला मारल्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही आणि ते बटण तुम्हालाच दाबावं लागतं. मी कंट्रोलर खाली ठेवून पाणी पिऊन आलो होतो. मालिकेत ते जोएलने केलं, गेममध्ये मी केलं. हे कुठल्याच पडद्यावर येणार नाही, आणि येऊ नये.

'विचर' मालिकापण गेमवरूनच आहे ना?

नाही! पोलंडचे लेखक आंद्रे सापकोव्स्की, त्यांच्या कथा-कादंबऱ्या, पहिली कथा १९८६ ची. गेम २००७ पासून. गेमचे हक्क विकताना त्यांनी टक्केवारी नको, रोख द्या म्हटलं, कारण गेम चालेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पुढे गेम तुफान चालला आणि ते जास्तीचे पैसे मागायला गेले. २०१९ ला नवा करार होऊन मिटलं.

माईनक्राफ्टला पोरं थिएटरात पॉपकॉर्न का उधळत होती?

एप्रिल २०२५. गेममध्ये कोंबडीवर बसलेला एक छोटा झोंबी क्वचित येतो, खेळणाऱ्यांचा लाडका. सिनेमात तो आला की जॅक ब्लॅक त्याचं नाव ओरडतो, "चिकन जॉकी!", आणि ट्रेलरपासूनच त्याचं मीम झालेलं, त्यामुळे अमेरिकेत त्या क्षणाला पोरं खुर्च्यांवर उभी, पॉपकॉर्न हवेत, काही ठिकाणी पोलीस बोलवावे लागले. एक जण तर जिवंत कोंबडी घेऊन गेल्याचा व्हिडिओ फिरला.

सिनेमा म्हणून ठीकठाकच. पण ९५ कोटी डॉलर कमावले राव. आपल्याला हे विचित्र वाटायला नको, हिरोची एंट्री झाली की सिंगल स्क्रीनला सुट्टी नाणी पडद्यावर फेकणारी माणसं आपल्याकडे होतीच. ज्या गेममध्ये गोष्टच नाही, नुसते ठोकळे आणि तुमचं डोकं, त्याच्या सिनेमात हाताला काहीतरी काम पोरांनीच शोधून काढलं. झाडणाऱ्या मावशींचे मात्र हाल.

समीक्षक शिव्या देतात आणि शो हाउसफुल, खरं कुणाचं धरायचं?

तुम्ही कोण त्यावर आहे. २०२३ चा 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' दोन कोटी डॉलरमध्ये काढला, समीक्षकांनी सोलला, कमावले २९ कोटी. पोरांना त्या गेममधल्या यांत्रिक बाहुल्यांचं सगळं पुराण पाठ आहे, आणि त्या बाहुल्या जिम हेन्सनच्या कार्यशाळेने खऱ्याखुऱ्या बनवल्या होत्या. गेम न खेळलेल्याला मात्र मध्येच झोप लागू शकते. 'वॉरक्राफ्ट' (२०१६) अमेरिकेत पावणेपाच कोटीत आटोपला, चीनमध्ये एकट्याने २२ कोटींच्या आसपास केले, कारण तिथे तो गेम खेळत वाढलेले लोक लाखोंनी आहेत.

आणि दोघांचं एकमत हवं असेल तर 'बॉर्डरलँड्स', २०२४. केट ब्लँचेट असून. २०२१ मध्ये शूट, २०२३ मध्ये दुसऱ्याच दिग्दर्शकाकडून काही भाग परत शूट, गेममधला रक्ताचा आणि शिव्यांचा सगळा चावटपणा पुसून शाळकरी करून टाकलेला. खर्च ११ कोटींच्या वर, आले सव्वातीन कोटी. पटकथेवर सुरुवातीला काम केलेल्या क्रेग मेझिनने नाव काढून घेतलं. हो, तोच, द लास्ट ऑफ असवाला.

गेम खेळलेलाच नाही, तर काय बघू?

'आर्केन' ही ॲनिमेशन मालिका. लीग ऑफ लेजंड्स गेमवरून आहे, मी स्वतः तो गेम दोन दिवस खेळून सोडला, सगळे शिव्याच देतात आत. पॅरिसच्या फॉर्टिश स्टुडिओने काढलेली चित्रं अशी की कुठेही पॉज करून भिंतीवर लावा. नाहीतर 'फॉलआउट' मालिका, त्यात गेमची गोष्ट न घेता गेमचं जग घेतलंय आणि गोष्ट नवी, त्यामुळे नवख्यालाही अडत नाही. लहान मुलांसोबत असाल तर मारिओ किंवा 'डिटेक्टिव्ह पिकाचू'. घरातल्या ज्येष्ठांसोबत 'टेट्रिस', त्यात ठोकळे कमी आणि सोव्हिएत रशियातून गेमचे हक्क कुणी मिळवायचे ह्याची मारामारी जास्त. आमच्या बाबांनी पूर्ण बघितला, मध्ये उठले नाहीत.

जीटीएवर सिनेमा का नाही?

गरज काय त्यांना? जीटीए ५ च्या २० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्यात. तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीत २०२० पर्यंत असलेल्या डॅन हाउसरने सांगितलंय की हॉलिवूडवाले आले होते, पण ताबा त्यांचा आणि धोका आमचा, असा सौदा कशाला करायचा.

मराठीत किंवा हिंदीत असं कधी होईल?

आपल्याकडे गाडी उलटी चालते, आधी सिनेमा मग त्याचा गेम. 'रा.वन'चा निघाला, 'धूम ३'चा मोबाईलवर निघाला. सिनेमा काढावा असे आपले गेमच आत्ता आत्ता व्हायला लागलेत. पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' घ्या, २०२० चा. जत्रेतून राक्षसांनी भावाला पळवलंय आणि राजी नावाची पोरगी त्याला शोधत निघते, गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून. लोकांकडून वर्गणी काढायचा प्रयत्न फसला होता, तरी पोरांनी नेटाने पूर्ण केला. ह्याचा ॲनिमेशनपट झाला तर मी पहिल्या दिवशी जाईन. फक्त ते राजस्थानी वाड्याच्या भिंतीवरून पळतानाचं जे आहे ते ठेवा, आणि कृपा करून आयटम साँग नको.

तुला स्वतःला कशावर सिनेमा बघायचाय?

रोड रॅश. साउंडगार्डनचं गाणं, मोकळा रस्ता, शेजारच्या बाइकवाल्याकडून साखळी हिसकावून त्यालाच हाणायची, आणि पडलो की बाइकपर्यंत पळत जायचं ते लांबच लांब अंतर. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन मी शेवटची रेस कधीच पूर्ण केलेली नाही, दर वेळी पोलिसाने धरलं नाहीतर वेळ संपली. दिग्दर्शक कोणीही चालेल.